भोपाळचे ऋण आणि आरोग्याचे विद्यार्थी

१९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ शहरात नेमकी किती माणसे दगावली, या साध्या प्रश्नाला चार दशके उलटून गेल्यावरही एकच एक उत्तर मिळत नाही. मध्य प्रदेश सरकारने एके काळी ३,७८७ हा आकडा दिला. मृत्यूपोटी भरपाई मंजूर झालेल्यांची संख्या ५,२९५ असल्याचे केंद्र सरकारने पुढे सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पीडितांच्या संघटना पंधरा हजारांच्याही पुढे जातात. जे मेले त्यांच्याविषयी ही अनिश्चितता. मग जे जगले, खोकत राहिले, अंधुक डोळ्यांनी आणि थकलेल्या फुप्फुसांनी पुढची वर्षे कंठीत राहिले, त्यांच्या यातनांचा हिशेब कोणी आणि कसा ठेवावा? भोपाळविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. कंपनीची बेफिकिरी, सरकारची ढिलाई, न्यायालयांतील दिरंगाई या गोष्टी सर्वतोमुखी झाल्या आहेत. ज्या एका उणिवेकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, तिच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ही उणीव आहे माणसांची. रोग्याला औषध देणाऱ्या माणसांची नव्हे. रोगाचा माग काढणाऱ्या, त्याची मोजदाद करणाऱ्या आणि तो पुन्हा उद्भवू नये म्हणून व्यवस्था लावणाऱ्या माणसांची. अशी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती शिकवून तयार करावी लागतात, आणि शिकविण्यास पैसा लागतो.

त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे लोटले. तेथल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रात्रीचा दिवस केला, हे कोणीही नाकारू शकणार नाही. परंतु समोर आलेला रोगी कशाने गुदमरतो आहे, त्या विषावर उतारा काय, हे सांगणारे कोणी नव्हते. सोडियम थायोसल्फेट द्यावे की न द्यावे, यावर पुढे कित्येक महिने वाद माजला. शवविच्छेदनांवरून न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र एक सांगत, तर दुसरे तज्ज्ञ आणखी काही. वाद होणे हा विज्ञानाचा धर्मच आहे. पण वाद मिटवायचा तर पुरावा लागतो. आणि वस्त्यावस्त्यांतून, घराघरांतून, पीडित आणि अपीडित यांची तुलना करून तो पुरावा गोळा करणारी प्रशिक्षित फळी त्या वेळी शहरात तर नव्हतीच, राज्यातही जवळजवळ नव्हती.

मग त्या काळात हे काम केले कोणी? याचे उत्तर महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण ते विचारात पाडणारेही आहे. १९८५ च्या आरंभी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी भोपाळला गेले आणि इतर संस्थांच्या विद्यार्थ्यांसह त्यांनी सुमारे २५,००० कुटुंबांची घरोघर पाहणी केली. सेवाग्रामशी ज्याचे निकटचे नाते, त्या मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या मंडळाने मार्चमध्ये कारखान्याला खेटून असलेले जयप्रकाश नगर आणि तेथून दूरवरचे अण्णा नगर या दोन वस्त्यांची तुलना केली. विषाचा परिणाम डोळे आणि फुप्फुसे यांच्यापुरताच मर्यादित नाही, हे त्या पाहणीतून पुढे आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. श. र. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुपीडितांच्या फुप्फुसांवरील परिणामांची निरीक्षणे त्याच वर्षी प्रसिद्ध केली. आणि डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सद्‌गोपाल यांच्यासह वायुग्रस्त वस्त्यांतील स्त्रियांच्या आजारांकडे लक्ष वेधले. सरकारी यंत्रणा तोवर या विषयाला शिवलीही नव्हती.

या यादीत विद्यार्थी किती आणि नुकतेच शिकून आलेले किती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी १९८४ साली, म्हणजे भोपाळच्याच वर्षी मिळविली होती. ती विद्या पुढे गडचिरोलीच्या आदिवासी मुलुखाच्या कामी आली आणि नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्याची त्यांनी घालून दिलेली रीत देशाने स्वीकारली. एका दांपत्याच्या अशा शिक्षणातून समाजाला काय परत मिळते, याचा याहून ठळक दाखला शोधण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की असे दांपत्य आम्हांला योगायोगाने मिळावे, की त्यांच्यासारखी शेकडो तरुण माणसे योजनापूर्वक घडविली जावीत?

भोपाळचा पुढचा इतिहास हा योजनेच्या अभावाचाच इतिहास आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ मध्ये तेथे संशोधन केंद्र उघडले. सुमारे ८०,००० वायुग्रस्त आणि तुलनेसाठी सुमारे १६,००० अन्य नागरिक यांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. जगात अशा प्रकारची नोंद दुर्मीळ म्हणावी लागेल. पण १९९४ मध्ये परिषदेने हात आखडता घेतला आणि काम राज्य सरकारच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे सोपविले. जे झाले त्याचे एकत्रित अहवाल लोकांच्या हाती पडण्यास नव्या शतकाची वाट पाहावी लागली. मधल्या काळात माणसे स्थलांतरित झाली, घरे बदलली, यादीतील नावे गळत गेली. पर्यावरण आणि आरोग्य यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था परिषदेने भोपाळमध्ये स्थापन केली ती २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर जवळजवळ सव्वीस वर्षांनी. दरम्यान वायूच्या वेळी आईच्या पोटात असलेली बालके स्वतः संसारी झाली होती. तहान लागल्यावर विहीर खणावी, ही म्हण आपल्याकडे मूर्खपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. येथे तर तहानेने माणसे गेल्यानंतर विहिरीची जागा पाहण्यास आरंभ झाला.

इमारतींची वाण होती असे मात्र नाही. युनियन कार्बाइडचे भारतीय कंपनीतील समभाग विकून आलेल्या पैशातून भोपाळ स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र उभे राहिले आणि २००० साली ते सुरू झाले. २०१२ मध्ये तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणाव्यात, प्रत्येकास आरोग्यपुस्तिका द्यावी, संशोधन नेटाने चालवावे, असे आदेश दिले आणि त्यावर देखरेख ठेवण्याचे काम मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे सोपविले. पण स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांच्या रिकाम्या जागा हा देखरेख समितीच्या चिंतेचा विषय पुनःपुन्हा होत राहिला. भिंती उभ्या राहतात, यंत्रे येतात, न्यायालय आज्ञा देते. पण खुर्चीत बसावयास आणि वस्तीत हिंडावयास माणूस नसेल, तर ती आज्ञा कागदावरच राहते. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्या रकमेचा हेतू नुकसानभरपाई देणे हा होता. अभ्यासकांची आणि आरोग्यसेवकांची पिढी घडविणे हा नव्हता. पीडितांपैकी बहुसंख्यांच्या पदरात पहिल्या फेरीत पंचवीस हजार रुपये पडले. ते औषधपाण्यात कधीच संपले. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेला अर्जही फेटाळला. पैशाचा तो दरवाजा आता बंद झाल्यासारखा आहे. ज्ञानाचा दरवाजा मात्र उघडता येण्याजोगा आहे, आणि तो उघडण्याचे साधन म्हणजे शिष्यवृत्ती.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. देशात डॉक्टरांचीच टंचाई असताना, प्राथमिक आरोग्य केंद्रांना कुलपे असताना, हे आकडेमोड करणारे विद्वान कशाला? आधी रोग्याला औषध द्या, मग त्याची मोजणी करा, असे म्हणणारे आमच्या सरकारदरबारी आणि वैद्यकीय व्यवसायातही कमी नाहीत. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु रोगी कोठे आहेत, किती आहेत आणि कशाने आजारी पडत आहेत, हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टर कोठे नेमावयाचे आणि औषध कोणते पाठवावयाचे? भोपाळमध्ये दवाखाने निघाले आणि औषधेही वाटली गेली. वर्षानुवर्षे त्याच माणसांना त्याच गोळ्या देण्यात आल्या. त्यांनी गुण येतो की नाही, हे पाहण्याची सोय मात्र पुरेशी कोणी केली नाही. मोजदाद ही औषधोपचाराची सवत नव्हे. ती त्याची डोळस बहीण आहे.

हे सत्य नवे नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात रोगप्रतिबंध आणि रोगोपचार यांची सांगड घालावी आणि समाजाचा वैद्य घडवावा, असे स्पष्ट सांगितले होते. त्याच्याही आधी, १९३२ मध्ये, कलकत्त्याला अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था निघाली, ती अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला आणि आरोग्याधिकाऱ्यांची वेगळी श्रेणी राखली. तामिळनाडूला त्याचा लाभ आजही होतो. इतर राज्यांनी मात्र हा विषय वैद्यकीय महाविद्यालयांच्या एका कोपऱ्यात ढकलला. ज्याला शस्त्रक्रियेचा वा हृदयरोगाचा अभ्यासक्रम मिळाला नाही, त्याने नाइलाजाने घ्यावयाचा हा विषय, अशी त्याची अवस्था झाली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र श्रेणी असावी, अशी शिफारस आली आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसृत केली. शिफारशींचा दुष्काळ या देशात कधीच नव्हता.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या विषयाकडे पाहिले की दुखणे कळते. शल्यचिकित्सक होऊ इच्छिणारा तरुण कर्ज काढतो, कारण ते पुढे फेडता येईल अशी त्याला खात्री असते. बँकही त्याच खात्रीवर कर्ज देते. पण जो तरुण वा जी तरुणी साथीच्या रोगांचा, पाण्याच्या शुद्धतेचा, कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करू इच्छिते, तिला ना खाजगी व्यवसायाची आशा, ना मोठ्या पगाराची. ती ज्यांची सेवा करणार, ती माणसे तिला फी देऊ शकणार नाहीत; किंबहुना आपल्याला तिची गरज होती हे त्यांना बहुधा कळणारही नाही. जी साथ आलीच नाही तिच्याबद्दल कोण आभार मानतो? म्हणूनच हे शिक्षण बाजाराच्या नियमांवर सोडून चालणार नाही. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे.

शिष्यवृत्त्या मुळीच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. मद्रासच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेत क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे शिक्षण मिळते. विदेशी प्रतिष्ठाने आणि सरकारे यांच्या पाठ्यवृत्त्याही आहेत. परंतु या वाटा ज्यांना ठाऊक असतात ते बहुतेक महानगरांतील, इंग्रजीत अर्ज सफाईने लिहिणारे विद्यार्थी. भोपाळच्या जयप्रकाश नगरातील मुलगी, किंवा आमच्या सत्तरीतील परिचारिकेचा मुलगा, या वाटेपर्यंत पोहोचत नाही. आणि खरी गरज तर त्यांचीच आहे. वस्तीतल्या माणसाला जो प्रश्न त्याच्या भाषेत विचारता येतो, त्याचेच उत्तर खरे मिळते. ज्या घराने विष श्वासात घेतले, त्या घरातली शिकलेली लेक दाराशी आली, तर तिला दडवून काही सांगितले जाणार नाही.

या बाबतीत भोपाळनेच एक उदाहरण घालून दिले आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोन वायुपीडित कामगार स्त्रियांना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळाले. त्या पैशातून त्यांनी चिंगारी नावाचा न्यास उभारला आणि वायुपीडितांच्या घरी जन्मलेल्या अपंग बालकांच्या उपचारांसाठी तो वाहिला. ज्यांनी स्वतः सर्वस्व गमावले, त्यांनी हातात आलेला पैसा पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला. ज्यांनी काहीच गमावले नाही अशा संस्थांनी, उद्योगांनी आणि सरकारांनी त्यांच्यापुढे लाजेने मान खाली घालावी, असेच हे कृत्य आहे.

आमच्या वाचकांना वाटेल की भोपाळ दूर आहे. आम्हांला तसे वाटत नाही. १९७० च्या दशकात सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसांवच्या समुद्रात मासे मेले, तेव्हा गोमंतकीयांनी विषाची पहिली चुणूक पाहिली. १९९५ मध्ये फोंडा तालुक्यातील केरीच्या नायलॉन प्रकल्पाला जो विरोध झाला, त्यामागे भोपाळची आठवण ताजी होती. २०१८ च्या जानेवारीत चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला आणि ऐन रात्री लोकांना अंथरुणे सोडून पळावे लागले. तो प्रसंग थोडक्यात निभावला. पण त्या वायूचा परिणाम त्या परिसरातील माणसांवर पुढे काय झाला, हे पाहण्यास किती प्रशिक्षित माणसे आपल्यापाशी होती? शिवाय विष कारखान्यातूनच येते असे नाही. २०१५-१६ च्या सुमारास सत्तरीत माकडतापाने काजूच्या बागायतींत राबणाऱ्या माणसांना गाठले आणि त्यानंतर दोडामार्ग-सावंतवाडीकडेही त्याने मुक्काम ठोकला. माकडे मरू लागली की गोचिडींचा माग घ्यावा, रक्ताचे नमुने पाठवावेत, लोकांना रानात जाण्याआधी सावध करावे, लस आणि तिची मर्यादा समजावून सांगावी, ही सारी कामे शस्त्रक्रियागृहात होत नाहीत. ती रानवाटांवर होतात.

गोमंतकाला या विद्येची परंपरा नाही असे कोण म्हणेल? पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ पासूनचे. त्यात शिकविणारे जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो द मेलो यांनी हिवताप, क्षय आणि कुष्ठरोग यांविरुद्ध केलेले काम आपल्या भूमीत सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय याचा वस्तुपाठ होते. अलीकडच्या काळात, १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या स्थानिक माणसांकरवी मनोविकारांवर उपचार करता येतात, हे सिद्ध करून दाखविले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की याच संस्थेने पुढे भोपाळ आणि सीहोर भागात काम करून गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना ते शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. गोवा आणि भोपाळ यांच्यात असा एक पूल आधीच पडलेला आहे. त्यावरून विद्यार्थ्यांची ये-जा सुरू व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मग काय करावे? प्रथम भोपाळविषयी. तेथील पर्यावरण-आरोग्य संस्था, आयुर्विज्ञान संस्था आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून दर वर्षी ठरावीक संख्येने क्षेत्रीय शिष्यवृत्त्या ठेवाव्यात आणि त्यांत वायुग्रस्त वस्त्यांतील मुलामुलींना अग्रक्रम द्यावा. शिष्यवृत्ती केवळ डॉक्टरांसाठी नको. परिचारिका, स्वच्छता निरीक्षक, संख्याशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे पदवीधर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, या सर्वांना ती खुली असावी. २०२५ च्या जानेवारीत कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी तो जाळण्यात आला. कचरा हलविला म्हणजे जमिनीत आणि पाण्यात मुरलेले विष हलले, असे नव्हे. भोपाळ काय आणि पीथमपूर काय, दोन्ही ठिकाणच्या पाण्यावर आणि माणसांवर येती पंचवीस-तीस वर्षे नजर ठेवावी लागेल. ती ठेवणारे आज शाळेत शिकत असतील. त्यांची सोय आजच करावयास हवी.

दुसरे, आमच्या राज्याविषयी. उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज आणि गुणवंतांसाठी पाठ्यवृत्ती या योजना गोव्यात आहेत, ही समाधानाची गोष्ट. त्यांत सार्वजनिक आरोग्यासाठी दर वर्षी निदान दहा जागा राखून ठेवाव्यात. पैसा कोठून आणावा, याचेही उत्तर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना नफ्याचा सरासरी दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो आणि शिक्षण व आरोग्य ही दोन्ही क्षेत्रे त्यात बसतात. खाणपट्ट्यातील लोकांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील धूळ ज्यांनी गिळली, त्यांच्या मुलांनी त्या धुळीचा अभ्यास करावा आणि त्याचा खर्च त्या निधीतून व्हावा, यापरता न्याय्य विनियोग आम्हांला तरी दिसत नाही.

आणि सरकारवरच सारा भार टाकून आपण मोकळे होऊ नये. आपल्या समाजाने विद्यार्थ्यांसाठी झोळी फिरविली आहे आणि ती भरलीही आहे. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जी निधियोजना काढली, तिच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. रखमाबाई डॉक्टर झाल्या, त्या लोकांनी उभ्या केलेल्या निधीच्या बळावर. मुंबईची गोवा हिंदु असोसिएशन १९१९ पासूनची. गावोगावच्या ज्ञातिसंस्थांचे विद्यार्थी फंड तर कित्येक घरांच्या उत्कर्षाचे साक्षी आहेत. आमच्या देवस्थानांपाशी आज सुदैवाने पैसा आहे. सभामंडपाला नवा संगमरवर बसविताना महाजनांनी मनात एक हिशेब करावा. त्या खर्चाच्या लहानशा अंशात गावातील एक मुलगी दोन वर्षे आरोग्यविद्या शिकून येईल. जत्रेला जमणाऱ्या भाविकांना पिण्याचे पाणी शुद्ध मिळते की नाही, हे पाहण्याचे ज्ञान तिच्यापाशी असेल. देवाच्या दारी आलेल्या माणसाचा जीव राखणे, ही देवाचीच सेवा नव्हे काय?

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. नुसती शिष्यवृत्ती दिली आणि पुढे नेमणूक दिली नाही, तर हा सारा खटाटोप वरातीमागून घोडे ठरेल. आजही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले अनेक तरुण कंत्राटी कामांवर दिवस काढतात, एखादा प्रकल्प संपला की दुसरा शोधतात आणि अखेर कंटाळून दुसऱ्या व्यवसायाकडे वळतात. भोपाळचा अभ्यास तुटला, त्यात कायम माणूस नसणे हे कारणही होतेच. म्हणून शिष्यवृत्ती, पद आणि नोंद या तीन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत. ज्याला पैसा दिला त्याला शिक्षण संपताच तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जागा मिळावी. त्याने निदान पाच वर्षे तेथे सेवा द्यावी. आणि तो जी माहिती गोळा करील, ती कपाटात बंद न करता दर वर्षी लोकांसमोर मांडली जावी. शेवटची अट आम्ही विशेष आग्रहाने मांडतो. ज्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, त्यांना त्या रक्तात काय सापडले हे कळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागू नये.

करारपत्र लिहून घेतले तरी विद्यार्थी पैसे भरून मोकळे होतात, परदेशी गेले की परतत नाहीत, अशी तक्रार आम्ही ऐकून आहोत. तीत तथ्य आहे. पण हुशार माणूस जातो कशामुळे? त्याच्या विद्येला येथे किंमत नसते, बसावयास खुर्ची नसते, लिहिलेला अहवाल कोणी उघडीत नाही, म्हणून. आणि निवड करताना ज्याच्या मनात आपल्या गावाची ओढ आहे असा विद्यार्थी शोधला, तर परतणाऱ्यांची संख्या निश्चित वाढेल. दहांपैकी चार गेले तरी सहा राहतील. आज तर आपल्यापाशी ते सहाही नाहीत.

भोपाळमधील कारखान्यातील धोक्यांविषयी राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून लिहून इशारे दिले होते. एका वृत्तपत्रकाराला जे दिसले, ते आरोग्यखात्याला दिसले नाही; कारण ते पाहणे हे कोणाचेच काम म्हणून नेमून दिलेले नव्हते. असे काम ज्यांना नेमून देता येईल, अशी माणसे तयार करण्याचा खर्च एखाद्या लहान पुलाच्या खर्चाहून अधिक नाही. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद व्हावी, अशी आमची राज्य सरकारला स्पष्ट सूचना आहे. ती होते की नाही, याकडे आम्ही लक्ष ठेवू. आणि आमदार मते मागावयास येतील तेव्हा वाचकांनीही त्यांना हा प्रश्न विचारावा. पूल कोठे बांधला हे लोकांना दिसते. उद्याची साथ कोणी अडविली हे दिसत नाही. न दिसणाऱ्या कामासाठी पैसा खर्च करण्याचे धैर्य ज्या सरकारपाशी असेल, तेच खरे दूरदर्शी सरकार.